‘काही नाही, सहज फोन केला’ : पुरुषांनी मनाची काळजी घ्यायची तर सुरुवात कुठून करायची?

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या मित्राने मला एकाच आठवड्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बोलणं साधारण सारखंच झालं. मी विचारलं, ‘बोल, काय विशेष?’ तो म्हणाला, ‘काही नाही रे, सहज केला.’ मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं, थोडी शांतता, आणि मीच म्हणायचो, ‘चल, जरा कामात आहे, निवांत बोलू.’ ते निवांत बोलणं राहूनच गेलं. महिनाभराने त्याच्या बायकोचा फोन आला. तो आठ दिवस कामावर गेला नव्हता. अंथरुणातून उठत नव्हता, कुणाशी धड बोलत नव्हता.

तो आता बरा आहे. उपचार घेतले, वेळ लागला, पण सावरला. नंतर एकदा मी त्याला विचारलं, ‘अरे, तेव्हा फोनवर बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘बोलायलाच तर केला होता. पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच सुचेना.’

हा लेख त्या पहिल्या वाक्यासाठी आहे. ज्याने ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द स्वतःच्या बाबतीत आजवर कधी वापरला नाही, अशा पुरुषासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार जगभरात दरवर्षी ७ लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात आणि त्यात पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही मदत मागायला पुरुष कमी जातात. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचली की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

आधी ओळखा: पुरुषाचं दुःख बऱ्याचदा दुःखासारखं दिसत नाही

नैराश्य म्हटलं की कोपऱ्यात बसून रडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘मी तर रडत नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही’ असा हिशेब इथेच सुरू होतो. लहानपणापासून ‘मुलासारखा मुलगा आणि रडतोस?’ हे ऐकलेल्या माणसाचं रडू दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. ती वाट कुठली, हे आधी पाहायचं.

सगळ्यात मोठी वाट रागाची. मुलाच्या हातून पेला सांडला म्हणून आवाज चढतो, आणि चढल्यावर आपल्यालाच कळतं की एवढं काही झालं नव्हतं. दुसरी वाट शरीराची: डोकं दुखतं, पाठ धरते, पोट बिघडलेलं असतं, तपासण्यांत काही निघत नाही. लैंगिक इच्छा कमी होते, पण ते तर कुणाला सांगायची सोयच नाही. कुणी कामात बुडवून घेतो आणि लोक त्याचं कौतुक करतात. कुणाची दारू वाढते, कुणाचा गाडीचा वेग, कुणाचा जुगार. आणि कुणी नुसता गप्प होतो. मित्रांच्या ग्रुपवर मेसेज वाचतो, उत्तर देत नाही.

स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावरची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९८३-८४ मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं आणि त्यावर उपचार करण्याचं खास प्रशिक्षण दिलं गेलं. त्यानंतर बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण मुख्यतः बायकांच्या. पुरुषांच्या आकड्यांवर फारसा परिणाम झालाच नाही. बरेच पुरुष डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हते, आणि त्यांचं नैराश्य चिडचीड, दारू, आततायीपणा अशा वेशात वावरत होतं. ते पाहून पुढे खास पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली तयार करावी लागली.

तेव्हा पहिलं काम एवढंच: गेले दोन आठवडे नजरेसमोर आणा. झोप, भूक, राग, कामातलं लक्ष, माणसांत मिसळणं, आवडीच्या गोष्टीतला रस. यांतल्या तीन-चार गोष्टी बहुतेक दिवस बिघडलेल्या असतील, तर ‘जरा टेन्शन आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, डॉक्टरही ती वापरतात. गुण ० ते २७ मध्ये येतात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटा. नवव्या प्रश्नात स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल विचारलं आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. आणि एक लक्षात ठेवा: ही प्रश्नावली रागाबद्दल किंवा दारूबद्दल काही विचारत नाही. गुण कमी आले, पण घरचे ‘तू हल्ली पूर्वीसारखा राहिला नाहीस’ म्हणत असतील, तर घरच्यांचं खरं माना.

‘टेन्शन’ या शब्दाची फोड करा

आपल्याकडे पुरुषांना एकच शब्द पुरतो. कर्ज थकलं, टेन्शन. वडील आजारी, टेन्शन. धाकटा सहकारी वर गेला, टेन्शन. एकाच पोत्यात भीती, अपमान, हेवा, लाज, दमणूक, एकटेपणा सगळं कोंबलेलं असतं, आणि मग ते पोतं उचलवत नाही. ते उघडून एकेक गोष्ट बाहेर काढली, की तिचं काय करायचं हे सुचायला लागतं. भीती असेल तर माहिती काढता येते. दमणूक असेल तर विश्रांती घेता येते. अपमान झाला असेल तर निदान ‘मला ते लागलं’ असं म्हणता येतं.

याला मेंदूच्या पातळीवरही आधार आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की समोरच्या चित्रातल्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. अमिग्डाला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग.

करायचं काय, तर रात्री एक ओळ लिहायची. वही, मोबाइल, काहीही चालेल. माझ्या वहीतली एक जुनी ओळ देतो: ‘मीटिंगमध्ये माझं म्हणणं अर्ध्यावर तोडलं. दिवसभर राग राग झाला. आता लिहिताना कळतंय, राग नव्हता, अपमान वाटला होता. घरी येऊन तो मुलावर काढला.’ ती ओळ लिहून झाल्यावर मी मुलाच्या खोलीत गेलो. तो झोपला होता. सकाळी त्याला ‘काल माझं चुकलं’ म्हटलं. एवढंच. पण त्या आठवड्यात पुन्हा आवाज चढला नाही.

मोठं काही साचलेलं असेल, तर जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात वापरलेली पद्धत करून पाहा: लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटेल, ते अपेक्षितच आहे. पण दरवेळी जास्तच खोल जायला होत असेल तर थांबा आणि तो विषय तज्ज्ञासमोर काढण्यासाठी राखून ठेवा.

शरीराकडून सुरुवात करणं जास्त सोपं वाटत असेल, तर तसं करा

पुष्कळ पुरुषांना भावनांविषयी बोलण्यापेक्षा झोपेविषयी बोलणं सोपं जातं. हरकत नाही, हा दरवाजाही आतच उघडतो.

झोपेची वेळ पाळता येत नसेल, तर उठण्याची वेळ पाळा. सुटीच्या दिवशीही तीच. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या जागी बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. तळमळत पडून राहिलं की अंथरूण ही काळजी करण्याची जागा होऊन बसते. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास घेतं, म्हणून दुपारनंतर जपून. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड राहत असेल आणि बायको म्हणत असेल ‘घोरता घोरता मध्येच तुझा श्वास थांबतो’, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. तो झोपेतला श्वसनाचा आजार असू शकतो, आणि त्यातून दिवसभराची चिडचीड आणि उदासीही येते. थायरॉइडचा बिघाड आणि बी-१२ ची कमतरता यांचंही तसंच. त्यामुळे एकदा रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

दारूबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ‘एक पेग घेतला की शांत झोप लागते’ हे अर्धं खरं आहे. झोप लवकर लागते, पण दारू उतरायला लागली की रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, आणि नको ते सगळे विचार. मग दुसऱ्या दिवशीची दमणूक घालवायला पुन्हा एक पेग. तीन आठवडे पूर्ण बंद ठेवून बघा आणि रोजच्या ओळीत झोप कशी लागली ते लिहा. मात्र रोज आणि भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम बंद करू नका. हात थरथरणं, आकडी येणं असे गंभीर त्रास होऊ शकतात. आधी डॉक्टरांना विचारा. हे विचारण्यात कमीपणा अजिबात नाही.

व्यायामाचं सगळ्यांनाच माहीत आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं, भरभर चालणंही चालेल. एवढंच सांगतो, की मन लागत नाही तोवर थांबू नका. उदासीत ‘आधी उत्साह येऊ दे, मग करीन’ हे गणित उलटं असतं. आधी चपला घालायच्या, दहा मिनिटं चालून यायचं. उत्साह आलाच तर मागून येतो.

बोलायचं कुणाशी, आणि नेमकं काय

हे सगळ्यात अवघड, म्हणून सविस्तर.

समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून मन मोकळं करणं बऱ्याच पुरुषांना जमत नाही. नका करू. शेजारी-शेजारी राहून बोला: गाडीत, चालताना, काहीतरी दुरुस्त करताना. हात कामात आणि नजर समोर असली की जीभ सैल होते. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ याच अनुभवावर उभी राहिली: पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्त्या करायच्या, आणि त्या करता करता बोलायचं. समोरासमोर बोलवत नसेल तरी खांद्याला खांदा लावून बोलता येतं, असं ते सांगतात. पुढे ही चळवळ इतर देशांतही पसरली.

माणूस निवडताना सर्वांत हुशार मित्र शोधू नका. जो तोंड बंद ठेवतो आणि लगेच उपदेश करत नाही, तो शोधा. आणि ‘सहज फोन केला’ म्हणण्याऐवजी खालच्यांपैकी एखादं वाक्य जसंच्या तसं वापरा.

मित्राला: ‘थोडं बोलायचं होतं. सल्ला नको, नुसतं ऐक.’ हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे. पुरुषाला अडचण सांगितली की तो पाना-पक्कड घेऊन धावतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

बोलवतच नसेल तर मेसेज: ‘गेले काही दिवस बरं वाटत नाहीये. फोनवर सांगता येणार नाही. रविवारी चालायला येतोस?’

बायकोला किंवा जोडीदाराला: ‘हल्ली मी चिडतो, ते तुझ्यामुळे नाही. माझं आत काहीतरी बिनसलंय. काय ते मलाही नीट कळलेलं नाही, पण तुला माहीत असू दे.’ घरच्या माणसाला न सांगता आपण त्याचा ताप वाचवतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो माणूस रोज ‘माझं काय चुकलं?’ याचा विचार करत असतो. मात्र सगळं ओझं एकट्या बायकोवर टाकू नका. एक मित्र, एक भाऊ किंवा बहीण, एखादा जुना सहकारी, अशी दोन-तीन माणसं हवीत. कामाच्या ठिकाणी सगळं उघड करण्याची गरज नाही. ‘तब्येतीचं कारण आहे, डॉक्टरांकडे जायचंय’ एवढं पुरे.

एखाद्याने ऐकून ‘छे, एवढ्याने काय होतंय’ म्हटलं, तर वाईट वाटेल. त्याला झेपलं नाही असं समजा आणि दुसऱ्या माणसाकडे जा.

बाप होऊन काही महिने झालेत अशांना मुद्दाम सांगतो: बाळंतपणानंतरचं नैराश्य वडिलांनाही येतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हे प्रमाण साधारण दहात एक आढळलं होतं. सगळे आई-बाळाची विचारपूस करतात, ते योग्यच आहे. पण तुमचाही जीव घाबरा होत असेल तर ते खोटं नाही. नोकरी गेलेल्यांनी, निवृत्त झालेल्यांनी, घटस्फोटातून जाणाऱ्यांनीही या काळात स्वतःवर जास्त लक्ष ठेवावं.

कामावरून घरी येताना मधली दहा मिनिटं

छोटीच गोष्ट आहे. घराखाली गाडी लावून इंजिन बंद करून नुसते बसून राहणारे पुरुष तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्हीच असाल. त्या दहा मिनिटांत मोबाइल चाळू नका. श्वास चार आकड्यांत घ्या, सहा-सात आकड्यांत सोडा, असं पाच मिनिटं. श्वास सोडणं लांबलं की हृदयाची गती जरा उतरते. मग स्वतःला विचारा, ‘आज ऑफिसमधलं काय मी वर घेऊन चाललोय?’ त्याला नाव द्या, आणि मग जिना चढा.

डॉक्टरांकडे जायची वेळ

दोन आठवड्यांहून जास्त त्रास, कामावर किंवा घरात परिणाम, दारू हाताबाहेर, किंवा जगण्याचा कंटाळा: यांतलं एकही असेल तर जा. कुठे, हा प्रश्न पडतो. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषध लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. बऱ्याच जणांना दोन्हींचा मिळून चांगला उपयोग होतो.

आत गेल्यावर ‘झोप येत नाही, गोळी द्या’ एवढंच बोलून पुरुष बाहेर येतात. म्हणून कागदावर चार ओळी लिहून न्या: काय होतंय, केव्हापासून, दारू किती, मरणाचे विचार येतात की नाही. बोलवलं नाही तर कागद पुढे करा. डॉक्टर तो वाचतात, त्यात त्यांना नवल वाटत नाही.

औषधांची भीती असते, म्हणून थोडं स्पष्ट सांगतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. त्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. काहींना लैंगिक अडचणी येतात. अनेक पुरुष याच कारणासाठी गुपचूप गोळ्या सोडतात आणि पुन्हा घसरतात. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गोळी किंवा डोस बदलता येतो. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या मनाने चालू ठेवू नका.

समुपदेशक पहिलाच पसंत पडेल असं नाही. तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर बदला. उपचार चुकीचा होता असा अर्थ काढू नका.

जुलै २०२१ मध्ये इंग्लंडचा अष्टपैलू बेन स्टोक्स ऐन मोसमात मानसिक स्वास्थ्यासाठी क्रिकेटमधून बाहेर पडला, आणि परत आल्यावर संघाचा कर्णधार झाला. डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊन माघारी वळणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मरणाचे विचार येत असतील तर

एकटे राहू नका. हे आधी करा, बाकी सगळं नंतर. जवळच्या माणसाला हेच शब्द सांगा: ‘मला जगू नये असं वाटतंय. माझ्याजवळ थांब.’ ज्या गोष्टीने स्वतःला इजा करावीशी वाटते, ती दुसऱ्याच्या ताब्यात द्या किंवा त्या जागेपासून दूर जा. हे विचार लाटेसारखे येतात. सर्वांत उंच लाट बहुधा फार वेळ टिकत नाही, आणि तेवढा वेळ काढणं हेच त्या रात्रीचं काम असतं. दारूला हात लावू नका. जवळच्या रुग्णालयात जा किंवा हेल्पलाइनला फोन करा. तुमच्या भागातला हेल्पलाइन आणि आपत्कालीन नंबर आज, मन ठीक असताना, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. त्यावेळी शोधत बसायचं बळ नसतं.

आणि तुमचा मित्र असा वाटत असेल तर थेट विचारा, ‘मनात आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार शिरेल ही भीती निराधार आहे. विचारलं की पुष्कळांना हायसं वाटतं. तो ‘हो’ म्हणाला तर वाद घालू नका, ‘बायकामुलांचा विचार कर’ म्हणू नका. त्यांचा विचार करून करूनच तो थकलेला असतो. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांकडे त्याच्या सोबत जा.

माझ्या त्या मित्राचा आजही अधूनमधून फोन येतो. ‘काही नाही, सहज केला’ असंच म्हणतो, सवय जात नाही. मी हातातलं काम बाजूला ठेवतो, खुर्ची मागे सारतो आणि म्हणतो, ‘मला वेळ आहे. सहज म्हणजे काय झालंय?’ बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसतं. मग आम्ही अर्धा तास मॅचबद्दल बोलतो.